सटवाची गाठ

बिरोबाची वाडी, कड्याजवळ, ता. आष्टी
१२ जानेवारी २०२५

चिरंजीव सोमेश्वरा,

मामाचा आशीर्वाद घे, तांब्याभर पाणी पी, आणि जवळपास कोणी नसेल तरच पुढं वाच.

तुला वाटेल, हातात फोन असताना मामाला पत्र लिहायची बुद्धी का झाली. बाबा, आपल्या घरी फोन आहे, पण तो एकट्याचा नाही. तुझा फोन आला की तुझी मामी तो स्पीकरवर टाकून उंबऱ्यावर ठेवते आणि शेजारच्या वनमालाला हाक मारते. मागं तू तिकडं पोट बिघडलं म्हणालास, ते दिवस मावळायच्या आत कड्याच्या बाजारात पोचलं होतं. तिथं एका अनोळखी माणसानं मला थांबवून विचारलं, "भाच्याचे जुलाब थांबले का?" म्हणून हे पत्र. उत्तरही घरी पाठवू नकोस. कड्याच्या राधाकिशनचं बी-बियाण्याचं दुकान आहे, त्या पत्त्यावर पाठव.

काम माझं नाही, सटवाचं आहे. आपला सटवाकाका रे, त्याची न् माझी मेंढरं आजवर एकत्रच चरत आली. त्याला जांघेत गाठ आली आहे. उभं राहिलं की येते, आडवं पडलं की जाते, आणि खोकलं की बिळातल्या उंदरासारखी डोकावते. लाजेपायी तो कुणाला बोलत नाही, मला एकट्यालाच सांगितलं. मी आडून आडून आपल्या ढोरांच्या डॉक्टरला विचारून बघितलं, मेंढराला असं झालं तर काय करावं? ते म्हणाले, विकून टाकावं. म्हणून तुला लिहितोय.

आता सवाल असा, की हे ऑपरेशन तुझ्या गुवाहाटीच्या दवाखान्यात होईल का? तू म्हणशील, बीड सोडून एवढ्या लांब कशाला? तर आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. माणूस दवाखान्यात पडला की अख्खा गाव बघायला जातो. नाही गेलं तर तीन पिढ्यांचा रुसवा. आणि गेलेला प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा उशाला ठेवून पहिलं काय विचारतो? "काय झालंय? कुठं झालंय?" हरिबाचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन पिकअप भरून माणसं गेली. त्याला वर्षं झाली, पण अजून हरिबा कुठं पंगतीत बसायला लागला की कोणीतरी ओरडतंच, "हरिबाला उशी द्या रे!" सटवाला ते नको आहे. तुमच्या तिकडं कोणी बघायला येणार नाही, हे नक्की कळव.

तुझा मामा,
भागवत

---

गुवाहाटी
२४ जानेवारी २०२५

ती. मामा,

सांगितल्याप्रमाणे पाणी पिऊन, दार लावून पत्र वाचलं. नमस्कार.

सटवाकाकांना जे झालंय त्याला अंतर्गळ म्हणतात. पोटाची आतली भिंत ढिली पडून तिला भोक होतं आणि आतडं त्यातून डोकावतं. गोळीनं किंवा झाडपाल्यानं ते भोक बुजत नाही. ऑपरेशन करून जाळी बसवायची. दुसऱ्या दिवशी माणूस चालतो, थोडे दिवस ओझं उचलायचं नाही, बस्स. यात लाजण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. मी पुरुष असून नर्स झालो तेव्हा गाव मला किती हसलं, मेलो का मी?

फक्त एक गोष्ट काकांना दमात घेऊन सांगा. गाठ बाहेर आली, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर घरी एक घोट चहासाठीही थांबायचं नाही. सरळ दवाखाना. त्यात माणूस जातो.

गुवाहाटीचं म्हणाल तर इथं यायला रेल्वेनं तीन दिवस लागतात. तीन दिवसांत ती गाठ कितीदा डोकावेल याचा हिशेब तुम्हीच करा. आणि बघायला येणारी माणसं नाहीत असा दवाखाना देशात मी तरी पाहिलेला नाही. आधी रायपूरला होतो, तिथं नातेवाईक दवाखान्याच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायचे, आणि राउंडला निघालेल्या डॉक्टरलाच विचारायचे, जेवलात का? माझ्या खोलीतला भंवरलाल जोधपूरकडचा. त्याच्याकडे म्हणे बिछाना, रजई, सुपारी सगळं घेऊन निम्मं गाव येतं आणि पेशंटची खाट सोडून सगळीकडे झोपतं. वॉर्डातल्या केरळच्या सिस्टर सांगतात, त्यांच्याकडे पेशंटजवळ एकच माणूस, तोही पेपर वाचत गप्प बसतो. ते ऐकूनच माझा जीव घाबरा झाला. इथली माणसं शांत, पण प्रेमळ. बरे होऊन घरी जाताना एका म्हातारबांनी माझ्या गळ्यात पांढरा-तांबडा गामोसा, म्हणजे इकडचा मानाचा पंचा, घातला आणि ओली सुपारी खायला दिली. ती खाल्ल्यावर मला असा घाम फुटला आणि अशी भोवळ आली, की त्यांच्याच रिकाम्या झालेल्या खाटेवर मला आडवं केलं. मग सगळा वॉर्ड मला बघायला आला.

तेव्हा काकांचं बीडलाच करा. मला राहवलं नाही म्हणून काल मी त्यांना फोनही लावला. आधी म्हणाले, "मला? कुठं?" मग म्हणाले, "हां हां, हाय बाबा हाय. तू म्हनतोस तर आसंलच." लाजतात बिचारे. पारावर बसले होते वाटतं, मागं बरीच माणसं बोलत होती.

तुमचा,
सोमेश्वर

---

बिरोबाची वाडी
६ फेब्रुवारी २०२५

सोमेश्वर,

आशीर्वाद नंतर. आधी तुझे कान उपटायला कोणी तिकडं असेल तर त्याच्याकडून उपटून घे.

तू फोन केलास तेव्हा सटवाचा फोनही स्पीकरवर होता. पारावरच्या सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचं मागंपुढं कोणी नाही, आजवर त्याच्या दारात कुत्रंसुद्धा बसलं नव्हतं. आता बघ. केळी, शहाळी, बिस्किटं, कोणी घोंगडी आणली, कोणी अंडी. आणि तुला माहीत आहे, आपल्याकडे बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, तसा रिकाम्या तोंडानंही येत नाही. ह्याच आजारानं गेलेला एक तरी पाहुणा त्याला आठवतोच. सटवासमोर अशी चार माणसं एका दिवसात मेली.

आणि सटवा! शाल पांघरून खाटेवर पडलाय, कण्हतोय आणि केळी खातोय. मलाही जावं लागलं. तुझी मामी मागं लागली, "तुमचा येवढा जोडीदार, आन तुमीच न्हाई गेलात तर लोक काय म्हनतील?" मग मीही बिस्किटाचा पुडा घेऊन गेलो. सगळे उठल्यावर मी त्याला हळूच म्हणालो, "काय बे सटवा, तुला काय झालंय?"

तो म्हणाला, "मला काय म्हाईत? तुजा भाचा येवढा शिकल्याला. त्याला तिकडून दिसतंय, मंजी आसंलच."

"मग न्हाई म्हनून सांग की लोकांना."

"आन ही केळी परत देऊ?" असं म्हणून माझ्याकडं बघून हसला. लई वेळ बघत होता.

तुझ्यामुळं हा तमाशा झाला. आता माझा सवाल ऐक. परवा बोकड चारीत पडला, त्याला ओढून काढताना गाठ बाहेर आली ती आत जाईचना. अंगावरचा सदरा घामानं भिजला. मग मी बाभळीखाली उताणा पडलो, पाय खोडाला वर टेकवले, तेव्हा कुठं बऱ्याच वेळानं गेली. म्हणजे सटवा उताणा पडला, असं वाच. तर असे पाय वर करून काम भागत असेल तर ऑपरेशन कशाला करायचं? तेवढं कळव.

मामा

---

गुवाहाटी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

"असं वाच" म्हणालात, पण जसं लिहिलंय तसंच मी वाचलं. बाभळीखाली सटवाकाका नव्हते. तुम्ही होता.

मला तुमच्यावर राग आला, आणि त्याहून जास्त माझा मलाच आला. हजारो पेशंट बघणाऱ्या भाच्याला मामा ओळखू आला नाही. पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. सटवाकाकांची गाठ खोकताना कशी डोकावते, हे तुम्हाला इतकं बारकाईनं कसं माहीत, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

आता थट्टा बाजूला. गेल्या महिन्यात ब्रह्मपुत्रेतल्या एका बेटावरून एक नावाडी आणला. तुमच्याच वयाचा. त्यालाही हेच होतं, आणि तोही कुणाला बोलला नव्हता. तुमच्यासारखेच पाय वर करून दिवस काढत होता. शेवटी एक दिवस गाठ आत गेलीच नाही, आणि नाव वल्हवायला कोणी मिळून इथं पोचेपर्यंत आतडं काळं पडलं होतं. डॉक्टरांनी शिकस्त केली. वाचला नाही, मामा. त्याचं अंग मी पुसलं. त्याची बायको दाराशी त्याचा कंगवा हातात धरून बसली होती. आता तो आठवला की मला सारखे तुम्ही दिसता.

म्हणून हे लिहून देतो. महिनाअखेरपर्यंत ऑपरेशन झालं नाही, तर एक मार्चला सकाळी मी मामीला फोन करीन. स्पीकर असेल. वनमालाकाकू आल्या आहेत याची खात्री करून घेईन, आणि मगच बोलायला सुरुवात करीन.

तुमचाच,
सोमेश्वर

---

बीड, दवाखाना
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सोमेश्वर,

फोन करू नकोस. झालं. जाळी बसली.

कसं झालं ते सांगतो, नाहीतर तुला खोटं वाटेल. तुझं पत्र राधाकिशनच्या दुकानात उभ्यानं वाचलं आणि तिथंच खताच्या पोत्यावर बसलो. घरी आलो तर सटवा दारात. म्हणाला, गाव ऐकत न्हाई, मला बीडला जावंच लागतंय, तू संगं चल. बरोबर माणूस पाहिजेच, म्हणून निघालो. मनात म्हटलं, डॉक्टर ह्याला तपासतील, काही नाही म्हणतील, तेवढ्यात मी हळूच आपलं विचारून घेईन.

दवाखाना एका ट्रस्टचा, स्वच्छ आहे. केसपेपरच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, पेशंटचं नाव? मी तोंड उघडायच्या आत सटवा म्हणाला, "लिवा बाई, भागवत." मी म्हणालो, "आरं, तुजं नाव सांग की!" तर तो बाईंना म्हणतो, "पेशंट लाजतोय. मी संगं आल्याला मानूस हाय."

मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "तुला कवा कळलं बे?"

म्हणाला, "दिवाळीपासनं तू कोकरू खांद्यावर घेत न्हाईस. हाकून नेतोस. मला काय डोळे न्हाईत? तुज्या भाच्यानं फोन केला तवा गाठीचं नावगाव कळलं."

सोमेश्वरा, मी परत खिडकीवर गेलो आणि बाईंना माझं पूर्ण नाव सांगितलं. ह्या माणसानं माझी गाठ आपल्या नावावर घेऊन महिनाभर सगळ्या गावाचे सवाल अंगावर घेतले.

पण खरी गंमत पुढंच. गावाच्या लेखी पेशंट सटवा. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पहिली पिकअप निघाली. सटवाला फोन आला, "मांजरसुंब्याला ढाब्यावर हाव, शेवभाजी सांगितलीय, जेवून आलोच." तेवढा वेळ पुरला. सटवा माझ्या खाटेवर चढला, चादर हनुवटीपर्यंत घेतली, आणि मी शेजारच्या स्टुलावर. टाके असे ओढत होते की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण मी हसून सगळ्यांना सांगत होतो, काळजी करू नका, सटवा ठीक आहे. सटवा काय कण्हला! मला सुद्धा एवढं दुखत नव्हतं. सिस्टर सुई घेऊन आल्या, त्यांनी खाटेवरचा माणूस बघितला, स्टुलावरचा बघितला, म्हणाल्या, "तुमच्यात पेशंट कोण आहे ते एकदा ठरवा, मला दुसरी कामं आहेत." सटवानं सुईकडं बघितलं आणि त्याचं कण्हणं एकदम बंद झालं.

उद्या दुसरी पिकअप आहे, तीत तुझी मामी येणार आहे. तिला काही कळलेलं नाही. भोळी आहे. तिलाही असंच निभावून नेऊ. आणि दोन दिवसांनी घरी.

तुझा,
मामा

---

बिरोबाची वाडी
९ मार्च २०२५

चि. सोमेश्वर यास मामीकडून.

तुझा पत्ता ह्यांनी दिला नाही. राधाकिशनच्या दुकानात जाऊन मागून घेतला. माझं अक्षर वाकडं आहे, समजून वाच.

मी भोळी आहे असं ह्यांनी तुला कळवल्याचं सटवा भाऊजी सांगत होते. तर ऐक. जो माणूस जन्मात कधी आपलं ताट उचलून ठेवत नाही, तो दिवाळीपासून स्वतःचं धोतर स्वतः धुवायला लागला, तर बायकोला काय कळत नाही? काहीतरी दुखणं आहे एवढं मला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई, तू चूल बघ." तुझा फोन झाला त्याच संध्याकाळी भाऊजी माझ्याकडं आले. म्हणाले, "वहिनी, मला गाठ झालीय म्हनं. पर मला तर न्हाई. मग कुनाला झालीय?" तेव्हा मला धोतराचं कोडं सुटलं. मीच म्हणाले, भाऊजी, पडा खाटेवर. ह्यांना उघडं पाडलं तर हे दवाखान्याच्या वाटेला जायचे नाहीत. पहिली केळी मीच नेऊन ठेवली होती.

मी ठरवून गेले होते, बीडला काही बोलायचं नाही. ह्यांचं गुपित ह्यांना असू द्यायचं. पिकअपमध्ये बायका होत्या, पारावर बसणारा सुग्रीव होता, आपले पुढारी मोहनरावही होते, कारण पंचायतीची निवडणूक आली की ते सगळ्यांनाच बघायला जातात. आत गेलो. खाटेवर भाऊजी मस्त पसरलेले, आणि स्टुलावर हे. तोंड हळदीसारखं पिवळं, कपाळावर घाम, एक हात पोटाशी घट्ट, आणि हसून मोहनरावांना म्हणत होते, "या, बसा, सटवाला आता आराम हाय." मला विचारतात, "मेंढरांना पानी दावलं का?"

सोमेश्वरा, माझ्याच्यानं राहवलं नाही.

मी म्हणाले, "भाऊजी, उठा."

ते हळूच म्हणाले, "वहिनी, आसं ठरलं न्हवतं."

"उठा म्हनते ना! ज्याची खाट त्याला द्या."

भाऊजी उठले. मी ह्यांना हाताला धरून सगळ्यांच्या देखत खाटेवर निजवलं, पायांवर चादर घातली. हे म्हणत होते, "आगं, लोक हायेत." मी म्हणाले, "आसू द्या लोक. मरायची लाज वाटत न्हवती तुमाला, आन मला सांगायची वाटत होती? मी काय परकी हाय?" हे भिंतीकडं तोंड करून रडले. मी पण रडले. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढी कधी रागावले नव्हते, आणि हा माणूस खाटेवर जिवंत आहे म्हणून एवढी खूश पण कधी झाले नव्हते.

मला वाटलं, आता कोणीतरी हसणार. कोणी हसलं नाही. मोहनरावांनी घसा खाकरला, सिस्टरला बाजूला घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर किती वाजेस्तोवर आसतेत?" मग म्हणाले, पाण्याच्या योजनेचं बोलायचंय. त्यांच्या मागोमाग सुग्रीवही पाण्याच्या योजनेचं बोलायला गेला. आमची पिकअप त्या दोघांना तिथंच ठेवून परत आली. दोघांनाही जाळ्या बसल्या.

आता हे घरी आहेत. ओझं उचलू देत नाही. मेंढरं मी आणि भाऊजी नेतो. पण नवीनच दुखणं सुरू झालंय. बघायला रोज माणसं येतात, आणि आता हे सांगायचे थांबतच नाहीत. गाठ कशी डोकावायची, बाभळीखाली पाय कसे वर केले, सुई पाठीत कशी दिली, सगळं. वर म्हणतात, तुमाला बी आसंल तर लाजू नगा. परवा सिरसाळ्याचे पाहुणे तुझ्यासाठी मुलीचं स्थळ घेऊन आले. सुकन्या नाव, फार्मसी शिकलेली. मुलीच्या वडिलांनी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, आता तब्येत कशी? ह्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि टाक्यांची जागा दाखवायला धोतराच्या गाठीला हात घातला. मी पोह्यांचं ताट मध्ये आडवं धरलं म्हणून तुझी सोयरीक वाचली.

जाताना पाहुण्यांनी एवढंच विचारलं, मुलगाही मामासारखाच मोकळ्या स्वभावाचा आहे का?

मी हो म्हणून टाकलं.

तुझी मामी,
गीताबाई